तिसऱ्या खोलीचा कागद

आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी
२ मार्च १९७५

पंचफुला,
जयभीम.

तुमच्या होस्टेलच्या बाई मुलींची पत्रं फोडून वाचतात असं ऐकलं. बाई, हे पत्र पंचफुलाच्या आत्याच्या पोराचं आहे आणि यात नुसता विटा-मातीचा मजकूर आहे. वाचायचं तर खुशाल वाचा.

तर हकीकत अशी. शेषरावदादा डिसेंबरात फौजेतून रजेवर आला होता, तेव्हा त्यानं कळमनुरीला जाऊन स्टॅम्पच्या कागदावर घराचा करार केला. मिस्त्री रतनसिंग, गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. दोन खोल्या, पुढं ओसरी, दगडाचं जोतं, वर पत्रे. बुद्धपौर्णिमेला दादा परत रजेवर येणार, त्याच्या आत घर उभं पाहिजे. सही करून दादा गेला आणि देखरेख माझ्या गळ्यात पडली. कॉलेज अर्ध्यात सोडून आलेल्या माणसाला घरचे दुसरं काय काम देणार?

मी मिस्त्रीला तीन बदल सांगितले. पहिला, पूर्वेच्या भिंतीत मोठी खिडकी. केली त्यानं. दुसरा, तीच खिडकी दोन हात डावीकडं. बांधलेलं पाडावं लागलं, कुरकुरला, पण केलं. तिसरा, अर्धी ओसरी बंद करून तिसरी खोली काढायची, तिला बाहेरून वेगळं दार. हे ऐकलं आणि त्यानं थापी खाली ठेवली.

"मालक, आता लिहून द्या."

"काहून? माझ्या शब्दाला काही किंमत हाय का न्हाई?"

"हाय की. पण तुमचा शब्द दर आठ दिवसाला जागा बदलून राहिला."

विटा वाहणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला माणूस. तू अंगठेबहाद्दर मला कागद शिकवतो का?" माझ्या बापाच्या वयाचा माणूस तो. ओळंब्याची दोरी बोटावर गुंडाळली, खिशात घातली आणि माणसं घेऊन कनेरगाव नाक्याच्या दुसऱ्या कामावर निघून गेला. भिंती छातीएवढ्या होऊन थांबल्यात. आई रोज विचारते, "मिस्त्री कव्हा यायचा?" मी सांगितलं, सिमेंटचं परमिट मिळंना म्हणून काम बंद आहे. खोटंच सांगितलं.

आता तूच सांग, चूक कोणाची? तू माझी बाजू घेणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी विचारतो.

आणखी एक, सहज विचारतो. मामा वाशिमच्या कोण्या तलाठ्याचं स्थळ बघून राहिलेत, हे खरं का?

नरसिंग


नांदेड
९ मार्च १९७५

नरसिंग यांस,
सविनय जयभीम. आत्याला माझा जयभीम सांगावा.

बाईंनी तुमचं पत्र वाचलं आणि हसतच माझ्या हातात दिलं. त्यामुळे मला खाली बघून जिना चढावा लागला. पुढच्या वेळी त्यांना मजकूर लिहू नये.

चूक तुमची. आम्ही नर्सिंग शिकतो त्या वॉर्डात डॉक्टर येता-जाता तोंडी सांगतात, हे औषध बंद, ते चालू. आमच्या सिस्टर म्हणतात, "साहेब, आधी कागदावर लिहा, मग बाटली उघडते." डॉक्टर निमूट लिहितात. सिस्टर सातवी शिकलेल्या आहेत. कोणी त्यांना अंगठेबहाद्दर म्हटलेलं मी ऐकलं नाही. करार दोघांनी सह्या करून केला, तर त्यातला बदल एकट्याच्या तोंडानं कसा होईल? खिडकी सरकवली तर किती विटा वाया गेल्या, किती दिवस वाढले, दादांची मुदत पाळायची की पुढं ढकलायची, हे कुठं लिहिलंत का? उद्या मिस्त्री म्हणेल, उशीर तुमच्यामुळं झाला. तुम्ही म्हणाल, तुझ्यामुळं. दादा कोणाचं खरं धरतील?

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. गेल्या रविवारी बाबा भेटायला आले होते. हिंगोलीला त्यांच्या कचेरीत बाळापूरचं कोणीतरी आलं होतं, त्यानं सांगितलं की नरसिंग ओसरीत भिंत घालून वेगळी खोली करतोय आणि दारही वेगळं पाडतोय. शेषरावदादा तिकडं बर्फात उभे राहून पगारातले पैसे पाठवतात आणि तुम्ही घर उभं राहण्याआधीच वाटणी करता? मला हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.

स्थळाचं खरं आहे. माणूस चांगला आहे म्हणतात. बाबा मे अखेरीला उत्तर कळवणार आहेत. मला कोणी विचारलेलं नाही. त्याही घरात मलाच राहायचं आहे.

पंचफुला


आखाडा बाळापूर
१३ मार्च

वाटणी म्हणालीस. बरं झालं, तुझ्या मनात माझ्याविषयी काय आहे ते कळलं. हे कार्ड उघडं आहे, सगळ्यांनी वाचावं. मी माझ्या भावाच्या अन्नात माती कालवणारा नाही. यापुढं पत्र घालणार नाही.

नरसिंग


नांदेड
१९ मार्च १९७५

नरसिंग यांस,
जयभीम.

कार्ड पोचलं. पोस्टमन, वॉचमन आणि स्वयंपाकीणबाई, तिघांनी वाचलं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "पोरगं रागीट हाय, पण लबाड न्हाई." मलाही तसंच वाटलं. शब्द लागले असतील तर माफ करा. कोणाच्या तरी तोंडचं ऐकून मी तुमच्यावर खटला चालवला.

पण मग प्रश्न तसाच राहतो. वाटणीसाठी नाही, तर ती खोली कोणासाठी?

मी का विचारते ते सांगते. आमचं हिंगोलीचं घर बांधलं तेव्हा मी सात वर्षांची होते. करारात चुलीसमोर खिडकी होती. मध्येच बाबांना वाटलं, पाहुण्यांना बसायला जागा मोठी हवी. मिस्त्रीला दारातूनच सांगितलं, स्वयंपाकघर चार हात कमी कर. खिडकी गेली. आईला विचारायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. गेली बारा वर्षं आई धुरात बसते आणि पदरानं डोळे पुसते. पाहुणे वर्षातून दोनदा येतात. बाबा वाईट नाहीत. त्यांना आजही वाटतं, त्यांनी घर मोठं केलं.

म्हणून विचारलं. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. पण मिस्त्रीला परत आणा. आत्याशी खोटं बोलणं आधी थांबवा.

पंचफुला


आखाडा बाळापूर
१३ एप्रिल १९७५

पंचफुला,
जयभीम.

उद्या जयंती. पोरं कमान बांधून राहिलीत, मला चार वेळा बोलावणं आलं. पण आधी हे पत्र संपवतो. महिनाभर लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. आता थोडं केलं आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईला खरं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही तिनं. म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. परमिट नसतं मिळालं तर तू तहसीलीत भांडून आला असता. तू घरात बसून राहिला, तव्हाच मी वळखलं." मग म्हणाली, "जा आन् त्या मान्साच्या पाया पड."

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याला गेलो. रतनसिंग परांचीवर उभा होता. मला पाहून खाली उतरला नाही. मी खालूनच ओरडलो, "मिस्त्री, मी चुकलो!" रस्त्यावरच्या ढाब्यातले ड्रायव्हर बाहेर येऊन बघू लागले. तो वरून म्हणाला, "गुस्सा उतरला का?"

"उतरला."

"मंग मी बी उतरतो."

ढाब्यावर चहा घेतला. मी मनात भाषण तयार करून नेलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. त्यानंच बोलायला सुरुवात केली. बोलणं असं होतं, जसं ऐकलं तसं लिहितो. "मालक, मला अक्षर येत न्हाई हे बराबर. म्हणून तर मला कागद लागते. बारा-तेरा सालामागं एका गावात मी लेकाच्या तोंडी सांगण्यावर एक भिंत बांधली. बाप परगावी व्हता. बाप आला, त्यानं इचारलं, ही भिंत कोणाला इचारून? लेक म्हणे मी न्हाई सांगितलं, मिस्त्रीनंच केली. बापानं टिकाव आणला. त्या दिसापासून बाप-लेक बोलंनात. ते घर आजबी अर्धंच हाय. मी त्या रस्त्यानं जात न्हाई. तव्हापासून कायदा केला. करार झाल्यावर कोणी बदल सांगितला की हातातलं काम जागच्या जागी थांबवायचं आन् कागद करायचा. काय बदलायचं, सामान किती जास्ती लागंल, दिवस किती वाढतील. सही मालकाची, घरातल्या बाईची, आन् सगळ्यात आधी, ज्याच्यासाठी बदल त्याची. ज्याला त्या खोलीत राहायचं, त्याला ती पाहिजे का न्हाई हे कोणी इचारतच न्हाई, मालक. आता बोला. तिसऱ्या खोलीत कोण ऱ्हायचं?"

पंचफुला, मी चहाच्या कपात बघत बसलो. त्याचे दोन गवंडी एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. रतनसिंगनं त्यांना दटावलं, "हसू नका रे, ह्याच्यात हसण्यासारखं काय हाय?" आणि मला म्हणाला, "नाव सांगू नका. कागदावर जागा मोकळी सोडा. तवर मी दोन खोल्या वर नेतो. तिसरीला हात लावणार न्हाई."

त्याच दिवशी दादाला फौजेच्या पत्त्यावर सगळं लिहिलं. खिडकीच्या दोन्ही बदलांचं, मिस्त्रीला काय बोललो त्याचं, आणि खोलीचंही. परवा उत्तर आलं. त्यातलं तुला उतरवून देतो: "नऱ्या, तू मिस्त्रीला जे बोललास त्याबद्दल तुला मारायला मी तिथं नाही, म्हणून आईला सांगतो की तिनं माझ्या वतीनं एक ठेवून द्यावी. खोलीला माझी हरकत नाही. मला आनंदच आहे. मुदत बुद्धपौर्णिमेची न धरता जूनच्या पंधरा तारखेची धरा आणि तशी लिहा. मी आलो की बाहेर बाजेवर झोपेन, फौजेत याहून वाईट झोपतो. पण जादा कामाची मजुरी मिस्त्रीवर पडू देऊ नको. ती तू राबून अंगावर काढ." आईनं ठेवून दिली. बऱ्यापैकी जोरात.

मजुरी अंगावर काढून राहिलो आहे. सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारतो, विटा वाहतो. बाया आता मला हसत नाहीत, कामाला लावतात.

कागद सोबत जोडला आहे. मजकूर रतनसिंगनं सांगितला, अक्षर माझं. अर्धी ओसरी बंद करून खोली, मातीत बांधकाम, कारण सिमेंट दोन खोल्यांपुरतंच मंजूर आहे. बाहेरून सांधे तेवढे सिमेंटचे. मोठी खिडकी पूर्वेला. दार वेगळं. मुदत पंधरा जून. खाली चार जागा आहेत. मालक. घरातली बाई. साक्षीदार. आणि सगळ्यात वर, "राहणार."

ती वरची जागा मोकळी आहे.

कॉलेज मी का सोडलं हे तू कधी विचारलं नाहीस. औरंगाबादला गेल्या पावसाळ्यात तुझ्या लग्नाची बोलणी निघाल्याचं कळलं आणि मला पुस्तकातलं अक्षर दिसेना. घरी येऊन मी काय करणार होतो, ते मलाही ठाऊक नव्हतं. मग भिंती उभ्या राहू लागल्या आणि मला वाटलं, खोली बांधली की सगळं आपोआप होईल. तुला विचारायचं राहूनच गेलं. तुझ्या बाबांनी केलं तेच मी करत होतो.

तुला ती खोली नको असेल तर कागद कोराच परत पाठव. मी ओसरी उघडी ठेवीन, आणि मिस्त्रीला एवढंच सांगेन की बदल रद्द. भांडणार नाही. शपथ.

नरसिंग


नांदेड
२४ एप्रिल १९७५

नरसिंग यांस,
जयभीम.

कागद नऊ दिवस माझ्या उशीखाली होता. नऊ दिवस लागले त्याबद्दल रागावू नका. मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. उत्तर देण्याची सवय नव्हती.

कागदात काही दुरुस्त्या केल्या आहेत. प्रत्येकीपुढं माझी सही आहे, म्हणजे तुमच्या मिस्त्रींना अडचण नको.

वेगळं दार खोडलं आहे. खोलीचं दार आत, आत्याच्या स्वयंपाकघरात उघडावं. मला आत्यापासून लपून आत-बाहेर करायचं नाही. आणि बाबांनी जे ऐकलं ते पुन्हा कोणी बोलायला नको.

मोठी खिडकी ठेवली आहे, पण तिची जागा बदलली आहे. ती चुलीसमोर घ्या. खोलीला लहान चालेल. विटा तेवढ्याच लागतील असं वाटतं, मिस्त्रींना विचारा. खिडकीची ही तिसरी जागा म्हणून ते चिडतील. त्यांना सांगा, ही शेवटची, आणि यावेळी लिहून दिलं आहे.

एक नवीन घातलं आहे. न्हाणी. चार भिंती, वर पत्रा आणि दार. दाराला आतून कडी. आत्या आजवर बाज उभी करून तिच्या आडोशाला अंघोळ करते. तुम्ही खिडकीचा एवढा विचार केलात, हे तुमच्या कसं ध्यानात आलं नाही?

आणि हे कागदावर नाही, तुम्हाला म्हणून लिहिते. नोकरी लागली तर मी करणार. तुम्ही काय करणार, तेही ठरवा. पाणी मारून जन्म जाणार नाही.

"राहणार" समोर मी सही केली आहे. नुसतं नाव. आडनावाचं नंतर बघू.

बाबांना मी सांगणार नाही. माझी हिंमत नाही असं नव्हे. पण विचारायचं काम तुमचं आहे. बुद्धपौर्णिमेला ते बाळापूरला येणार आहेत, दादांना भेटायला. भांडू नका. त्यांना कागद नीट वाचायला द्या. कचेरीत तीस वर्षं काढली आहेत त्यांनी, तोंडी बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही.

रतनसिंग मिस्त्रींना माझा जयभीम सांगा. का ते विचारलं तर सांगा, खोलीत राहणारीनं सांगितला.

पंचफुला


आखाडा बाळापूर
२८ मे १९७५

पंचफुला,
जयभीम.

तुझी बिनआडनावाची सही मी किती वेळा पाहिली ते लिहीत नाही. बाई वाचतील.

कागद रतनसिंगला वाचून दाखवला. खिडकी पुन्हा हलणार म्हटल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. न्हाणीचं ऐकलं आणि हात खाली घेतला. आईला हाक मारली, "बाई, हिकडं या. तुमची सून शहाणी हाय." आईनं अंगठा उठवला आणि उमटलेल्या अंगठ्याकडं कितीतरी वेळ बघत बसली. एवढंच म्हणाली, "न्हाणीला दार... आतून कडी..." मग पदर डोळ्यांना लावला. धूर नव्हता तिथं.

बुद्धपौर्णिमेला दादा होता. वंदना झाली. पत्रे चढायचेच होते, आम्ही उघड्या भिंतींच्या मध्ये सतरंजी टाकली होती. मामा आले. बसले. चहूकडं बघितलं. तिसऱ्या खोलीची भिंत कमरेएवढी आली होती, तिच्यावर नजर थांबली.

"शेषराव, करारात दोनच खोल्या व्हत्या म्हणे."

"बदल केला, मामा. कागद हाय."

"दाखव."

दादानं कागद दिला. मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मोठ्यानं वाचायला लागले. कचेरीत पुकारा करतात तसं. ओसरी अर्धी बंद. दार आत. खिडकी चुलीसमोर. तिथं ते जरा अडखळले. परत वाचलं, "खिडकी चुलीसमोर." मग न्हाणी. मग सगळ्यात वरच्या ओळीवर आले.

"ही सही कोणाची?"

माझ्या अंगात काय काय उसळलं ते तुला ठाऊक आहे. एरवी मी उठून उभा राहिलो असतो आणि सगळ्याचा सत्यानाश केला असता. तुला शब्द दिला होता म्हणून सतरंजीचा काठ मुठीत धरून बसलो. म्हणालो, "मामा, पंचफुलाची. मी तिला विचारलं. आता तुम्हाला विचारतो."

"आधी तिला आन् मागून मला?"

रतनसिंग कोपऱ्यात गिलाव्याची माती तुडवत होता. तिथूनच बोलला, "साहेब, गलती माझी. माझा कायदाच तसा हाय. ज्याला राहायचं, त्याची सही पयली. बाकीच्यांची मागून."

"आन् हे पोरगं? हे काय करते? कॉलेज तर सोडून बसलं."

"माझ्याकडं हाय, साहेब. दीड महिन्यापासून. विटा वाहिल्या, पाणी मारलं. आता माझे करार लिहितो, मापं काढतो. कनेरगावच्या मालकानं परवा बदल सांगितला, तर ह्यानं तिथल्या तिथं कागद केला. तापट हाय. पण चुकलो म्हणाया लाजत न्हाई. ढाब्यावर पन्नास मान्सांच्या देखत म्हणलं ह्यानं."

ज्या माणसाला मी अंगठेबहाद्दर म्हणालो, तो माझ्यासाठी चिखलात उभा राहून बोलत होता. मला वर बघवेना.

मामा पुन्हा कागदाकडं वळले. चुलीसमोरच्या खिडकीच्या ओळीवर बोट ठेवून बसले. शेवटी रतनसिंगला म्हणाले, "मिस्त्री, माझं घर बांधलं तव्हा तू कुठं व्हता?" आणि मग दादाकडं हात पुढं केला, "पेन दे. साक्षीदाराची जागा मोकळी दिसून राहिली."

त्यांनी पूर्ण सही केली. नाव, बापाचं नाव, आडनाव, खाली तारीख. शाईवर फुंकर घातली. आई तिथंच बसून रडायला लागली, दादानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी मामांच्या पायाशी वाकलो, तर त्यांनी खांदा धरून बसवलं.

"बस. काम हाय. मला वाशिमला पत्र घालायचं. तुझं अक्षर चांगलं दिसते. तूच लिही."

"काय लिहू, मामा?"

"लिही की, पोरीनं सही दुसरीकडं केली. गोड शब्दात लिही. चांगला माणूस हाय तो."

लिहिलं, पंचफुला. दोन कागद फाडले, तिसरा बरा उतरला. आजवर शिव्या देऊन भांडणं केली, पण इतकं मऊ पत्र आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. त्या तलाठ्याचे आभार मानले, त्याच्या आईवडिलांचे मानले, त्यांनी चार महिने वाट पाहिली म्हणून मानले. मामांनी वाचलं आणि म्हणाले, "पुरं कर आता, न्हाईतर ते लोक तुझ्याशीच सोयरीक करतील."

नरसिंग